विरजणाची बरणी

१

बरणी गेली हे आक्कांना आधी कळलंच नाही, कारण तेव्हा त्यांच्या तोंडात मोती होता.

मोती म्हणजे खाण्याचे. बबल टीच्या तळाशी असतात ते काळे, गोड, चिकट गोळे. आदल्या दिवशी उरलेले मोती गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत असा दुकानाचा दंडक होता आणि अन्न टाकायचं नाही असा आक्कांचा. म्हणून उरलेल्यांचा डबा चहाच्या ओट्यामागच्या लहान फ्रीजमध्ये जायचा आणि सकाळी आक्का त्यातले चमचाभर गरम चहात बुडवून खायच्या. बुडवून, कारण फ्रीजमध्ये रात्र काढली की मोत्यांच्या गारगोट्या व्हायच्या आणि आक्कांच्या कवळीशी त्यांचं हाडवैर होतं.

आज मात्र पहिलाच मोती कोरडा, न बुडवता तोंडात टाकला गेला आणि लोण्यासारखा चावला गेला. आक्का खूश झाल्या. सुनेला तसं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून मुलगा ओरडला.

"आई! बरणी नाही!"

"कुठली बरणी?"

"विरजणाची!"

आक्कांनी हातातला चमचा खाली ठेवला.

नवं गिऱ्हाईक या दुकानात नूडल्स खायचं आणि म्हणायचं, छान आहे. जुनं गिऱ्हाईक वाटी तोंडाला लावून रस्सा प्यायचं आणि काहीच म्हणायचं नाही. गंमत सगळी त्या रश्शात होती. दुकान बंद करताना त्यातला बरणीभर गाळून, निववून बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पातेल्यात आधी तो ओतायचा. मग नवं पाणी, नवं आलं, नवी हाडं. आजचा रस्सा हा कालच्या रश्शाचा मुलगा, असं आक्कांचे यजमान म्हणत. दुकान काढलं त्या दिवसापासून ही वंशावळ तुटली नव्हती. यजमान गेले तेव्हा दुकान बंद होतं, पण पातेलं नव्हतं. ज्या म्हाताऱ्या बल्लवाकडे ते हे काम शिकले, त्याच्या भाषेत या प्रकाराला काही भारदस्त नाव होतं. ते आक्कांच्या जिभेवर कधी बसलं नाही. त्यांनी आपलं सरळ नाव दिलं, विरजण. सगळे तेच म्हणू लागले.

त्या विरजणाचा डाव, म्हणजे लांब दांड्याचा मोठा चमचा, यजमानांनंतर फक्त आक्कांच्या हातात होता. मुलाच्या कानशिलावर पांढरे केस आले तरी. आणि नेमकं काल संध्याकाळी आक्कांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "उद्यापासून डाव तुझ्या हातात."

तो उद्या आज उजाडला होता, आणि बरणी गायब.

"मला माहीत आहे कोणी नेली ती," मुलगा लाल होऊन म्हणाला. त्याने आचाऱ्याकडे बोट केलं. "काल हे समोर गेले होते. मी खिडकीतून बघितलं. समोरच्याशी हसून बोलत होते."

आचारी पीठ मळत होता. हात तसेच पिठात राहिले.

"दुपारपर्यंत बघतो," मुलगा म्हणाला. "संध्याकाळचं गिऱ्हाईक यायच्या आत बरणी आली नाही, तर ॲप्रन खुंटीला लावायचा आणि निघायचं."

चहाच्या ओट्यापाशी उभी असलेली सून काही बोलायला पुढे झाली आणि थांबली.

"झालं ओरडून?" आक्का म्हणाल्या. "संध्याकाळ माझी. तोवर या घरात कुणी कुणाला चोर म्हणायचं नाही. आणि तू काउंटरवर जाऊन बस, तुझ्या आवाजाने नूडल्स तुटतील."

२

आचाऱ्याची चौकशी आक्कांनी आलं सोलता सोलता केली. माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं की माणूस तयारीत खोटं बोलतो. हाताला काम असलं की खरं निसटतं, असा त्यांचा अनुभव.

"समोर कशाला गेला होतास?"

"त्याने बोलावलं होतं, आक्का."

"कशाला?"

"माझ्याकडे ये म्हणाला."

आक्कांच्या सुरीने आल्याची साल जरा जाड काढली. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडच्या नूडल्सच्या दुकानाचा मालक. एके काळी तो याच दुकानात, याच ओट्यावर आक्कांच्या यजमानांच्या हाताखाली उभा होता. निघाला तेव्हा यजमानांनी त्याला विरजणातला वाटा दिला. ज्याने मनापासून काम केलं आणि स्वतःचं दुकान काढायला निघाला, त्याला पातेल्यातला एक डाव द्यायचा, अशी त्यांना शिकवणाऱ्या त्या म्हाताऱ्या बल्लवाची रीत. आक्कांना त्या डावाचं काही वाटलं नव्हतं. पण त्याने दुकान काढलं ते बरोबर यांच्या दारासमोर. ज्या घरात जेवला त्याच घराच्या तोंडावर चूल मांडली. त्या दिवसापासून आक्कांनी त्याचं नाव घेणं सोडलं आणि तो सगळ्यांचा 'समोरचा' झाला.

"मग तू काय म्हणालास?"

"विचार करतो म्हणालो."

"नाही म्हणाला नाहीस?"

"खोटं कशाला सांगू? मालक दिवसातून दहा वेळा 'अहो, जरा भराभर' म्हणतात. एखादा माणूस विचार करणारच की."

आक्कांना हे उत्तर कडू लागलं, पण पटलं. चोरी करणारा माणूस 'नाही म्हणालो' असंच सांगेल.

"काल बरणी ठेवली कोणी?"

"मीच. तुम्ही डावाने काढून दिलंत ते गाळलं, निववलं, दुधाच्या पिशव्या एकीकडे सारून बरणी लहान फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली. उकाडा किती होता, फ्रीज उघडल्यावर हलावंसंच वाटेना. मग मालक म्हणाले, तुम्ही जा, मी थांबतो जरा, नवं मशीन बघतो."

नवं मशीन म्हणजे चहाच्या कपावर प्लॅस्टिकचा पडदा चिकटवायचं यंत्र. कालच आलं होतं.

"आणि आज आलास तेव्हा?"

"वहिनी आधीच आल्या होत्या. फरशी पुसत होत्या, फ्रीजपाशी. मी घसरता घसरता वाचलो, एवढं पाणी."

आक्कांनी आलं खाली ठेवलं.

"सकाळी सकाळी पाणी कुठून आलं?"

"ते मी कसं सांगू?" आचारी म्हणाला. "वहिनींना विचारा."

३

वहिनींना विचारायच्या आधी आक्का काउंटरवर गेल्या.

मुलगा गालाला हात लावून बसला होता. त्या हाताच्या बोटाला चिकटपट्टी होती.

"काय झालं बोटाला?"

"भाजलं. पातेल्याला लागलं."

पातेल्याजवळ जायचं म्हटलं की याला काउंटरवर शंभर कामं आठवतात, हे आक्कांना ठाऊक होतं.

"मशीन कसं आहे रे?"

मुलाचा चेहरा एकदम उजळला. एवढी चोरी झालेली, पण खेळणं दाखवायला मिळालं. त्याने फळीवरून कप उतरवले. कपांत नुसतं पाणी, वर पडदा चिकटवलेला. पहिला वाकडा, दुसरा त्याहून वाकडा, शेवटचा बराचसा सरळ.

"गरम पट्टीखाली कप धरायचा आणि दाबायचं. उलटा केला तरी थेंब पडत नाही. बघ!" त्याने कप उलटा केला. थेंब पडला नाही.

"छान. हे सगळं काल केलंस?"

"सगळे गेल्यावर. मग बंद करून घरी आलो."

"काय बंद केलंस?"

"मशीन. दिवे. शटर. आई, मी काय लहान आहे?"

आक्का चहाच्या ओट्याकडे वळल्या. मशीन फ्रीजच्या शेजारी टेबलावर बसलं होतं, आपली आखूड वायर शेपटीसारखी डोक्यावर गुंडाळून. भिंतीवर फ्रीजच्या मागे वीज घ्यायची एकच जागा. तिच्यात फ्रीजची पांढरी वायर. वर लोंबणाऱ्या दिव्याची वायरही पांढरीच, ती पलीकडे खांबाच्या आड गेलेली.

"सूनबाई, एक चहा दे. दुधाचा."

सून मोत्यांचं पातेलं ढवळत होती. ढवळणं थांबलं नाही, पण मान खाली गेली.

"दूध नाही, आई. गाडी आली नाही आज. मी बाहेर पाटी लावली आहे."

"आजची गाडी नसेल आली. कालचं दूध?"

"संपलं."

"बरं, बिनदुधाचा दे."

चहा घेऊन आक्का मागच्या दारी गेल्या. तिथे कचऱ्याची बादली होती. चहाचा घोट घेत त्यांनी पायाने झाकण उघडलं. आत दुधाच्या कापलेल्या पिशव्या होत्या, एकावर एक, घाईघाईने कोंबलेल्या. आणि त्यांना वास होता.

नासक्या दुधाचा.

आक्कांनी झाकण सोडलं. मग त्यांना सकाळचा मोती आठवला, तो लोण्यासारखा चावलेला, आणि त्यांनी चहा तसाच हातात धरून डोळे मिटले.

४

दुपारचं गिऱ्हाईक त्या दिवशी तळलेल्या आणि कोरड्या नूडल्सवर भागवलं. रस्सा मागणाऱ्यांना मुलगा "आज नाही" म्हणत होता आणि प्रत्येक "आज नाही" बरोबर आचाऱ्याकडे बघत होता. आचाऱ्याने आपल्या सुऱ्या फडक्यात गुंडाळायला घेतल्या होत्या. कुणी काही म्हणायच्या आधीच माणूस निघायची तयारी करू लागला, की त्याचा अपमान पुरा झाला असं समजावं.

गर्दी ओसरली तशा आक्का उठल्या. मोठ्या फ्रीजमध्ये बघायचं कारण नव्हतं, तिथे आचाऱ्याचा हात. काउंटरखाली मुलाचा. या दुकानात एकच जागा अशी, जिथे एकाच माणसाचा हात जातो. कच्च्या मोत्यांचा पत्र्याचा डबा. तो सुनेचा.

त्यांनी झाकण काढलं आणि मोत्यांत कोपरापर्यंत हात घातला. कोरडे मोती सरसर बाजूला झाले. बोटांना गार, गुळगुळीत काहीतरी लागलं.

बरणी वर आली तेव्हा मुलगा उभा राहिला. आचाऱ्याच्या हातातली सुरी टणकन पडली.

बरणी रिकामी होती. रिकामी, घासलेली, लखलखीत.

"मी घेतली," सून म्हणाली. कुणी विचारलंच नव्हतं. "मी ओतून दिली. आचारीदादांना बोलू नका."

"तू?" मुलगा एवढंच म्हणाला.

"कंटाळा आला होता मला. रोज ती बरणी, रोज तेच." तिचा आवाज एका पातळीवर चालला होता, पाठ केल्यासारखा. "तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, आई."

आक्कांनी बरणीच्या तोंडाशी नाक नेलं, हुंगलं, आणि ती टेबलावर ठेवली.

"बोलते की. आधी दार लोटून घ्या आणि तिघे माझ्यासमोर बसा. सूनबाई, तुझा चहा चांगला असतो, पण खोटं फार पांचट करतेस."

५

"चोराने बरणी नेली असती," आक्का म्हणाल्या, "तर ती भरलेली नेली असती. रागाने कुणी ओतली असती तर बरणी आपटली असती. ही घासली आहे. आतून, बाहेरून, तोंडाच्या खाचेत बोट घालून. का? वास जावा म्हणून. म्हणजे वास होता."

सुनेने डोळे पुसले.

"सकाळी मी कालचे मोती खाल्ले. मऊ. फ्रीजमधला मोती मऊ? माझ्या कवळीला विचारा, ती शपथेवर सांगेल, असं कधी झालं नाही. मग फरशीवर पाणी. फ्रीजमधला बर्फ वितळला की तेच पाणी खाली येतं. आणि दूध संपलं नाही, नासलं. कचऱ्यात आहे, जाऊन बघा. तीन ठिकाणांहून एकच गोष्ट कळते. हा फ्रीज काल बंद होता. ऐन उकाड्यात विरजण तसंच पडलं आणि आंबलं."

"पण सकाळी फ्रीज चालू होता!" मुलगा म्हणाला.

"सकाळी ही आधी आली. हिने चालू केला." आक्का मुलाकडे वळल्या. त्यांचा आवाज उतरला. इतका, की मुलगा घाबरला. ओरडणारी आई त्याला सवयीची होती. "भिंतीला वीज घ्यायला एक जागा. मशीनची वायर आखूड. मशीन चालवायला तू काय काढलंस?"

"दिव्याची..." मुलगा बोलता बोलता थांबला. त्याने वर दिव्याकडे बघितलं. पांढरी वायर खांबाआड जात होती. मग त्याने फ्रीजच्या मागे बघितलं.

"दिवा तर जळतच होता," तो हळूच म्हणाला. "मी शेवटी बटणाने बंद केला. माझ्या लक्षातच..."

"पडदे चिकटवायच्या नादात. बोट भाजलं पट्टीने आणि नाव पातेल्याचं."

बाहेर कुणीतरी दार ढकलून बघितलं आणि निघून गेलं.

"मी आले तर मशीनची वायर तिथे, आणि बरणीवर फेस," सून म्हणाली. "झाकण उघडलं तर आंबट वास. आई, तुम्ही काल डाव यांच्या हातात देते म्हणालात. त्यावर हे घरी येऊन जेवलेसुद्धा नाहीत, आनंदाने. किती वाट बघितली त्यांनी त्या डावाची, तुम्हाला नाही माहीत. मला वाटलं, चोरी झाली म्हटलं तर दोष कुणाच्याच माथी नाही. आचारीदादांचं नाव येईल असं स्वप्नातही नव्हतं. आलं तेव्हा बोलायला गेले, पण मग यांचं नाव घ्यावं लागलं असतं. संध्याकाळच्या आत मी घेतली म्हणून सांगणारच होते."

"आणि दिवसभर मी सुऱ्या गुंडाळत बसायचं," आचारी म्हणाला.

सुनेने हात जोडले. मुलगा उठला. माफी मागायची त्याला सवय नव्हती. शब्द बाहेर यायला वेळ लागला आणि आले ते वाकडे, त्याच्या पहिल्या कपासारखे. पण आले.

"अहो, जरा भराभर," आचारी म्हणाला.

आक्कांना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. पण ते टिकलं नाही. मुलगा रिकाम्या बरणीकडे बघत होता.

"चोर असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "चोराकडून परत तरी आणता आलं असतं. बाबांचं पातेलं माझ्या हाताने संपलं. डाव राहू दे, आई."

आक्कांनी बरणी त्याच्यासमोरून उचलून स्वतःच्या पुढ्यात ठेवली.

आचारी मात्र खिडकीतून रस्त्यापलीकडे बघत होता.

"संपलं नाही," तो म्हणाला. "त्यातला एक डाव तिकडे आहे."

६

आक्कांनी बरणी आणि डाव पिशवीत घातले आणि कुणाला बरोबर न घेता रस्ता ओलांडला. एवढासा रस्ता. इतकी वर्षं तो समुद्रासारखा पडला होता.

समोरच्याचं दुकान लहान, स्वच्छ, बाकं गुळगुळीत. आक्का दारात दिसताच तो ओट्यामागे ताठ उभा राहिला, जुन्या दिवसांत राहायचा तसा. तोही पिकला होता.

"एक वाटी," आक्का म्हणाल्या आणि बसल्या.

वाटी आली. नूडल्स बाजूला सारून आक्का रस्सा प्यायल्या. त्यांना वाटी खाली ठेवायला जरा वेळ लागला. यजमान अजून आत काम करताहेत आणि त्यांनीच ही पाठवली आहे, असं क्षणभर वाटून गेलं.

"मिरी जास्त घालतोस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तेव्हाही हेच म्हणायचात."

मग आक्कांनी बरणी काढून टेबलावर ठेवली. पुढचं वाक्य त्यांनी रस्ता ओलांडताना जुळवलं होतं. आता त्यांनी नुसतं बरणीचं झाकण काढून बाजूला ठेवलं. जन्मभर त्यांनी लोकांना दिलं होतं, सुनावलं होतं, वाढलं होतं. मागितलं नव्हतं.

समोरच्याने बरणीकडे पाहिलं. रिकामी, धुतलेली. रश्शाचं काम करणाऱ्याला आणखी काही सांगावं लागत नाही.

"डाव आणलात?" त्याने विचारलं.

आक्कांनी डाव पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"विरजण देणाऱ्याने काढायचं नसतं, आक्का. मालकांनी मला पातेल्यापाशी नेलं आणि म्हणाले, घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने काढावं. ज्याला सांभाळायचं आहे त्याने."

आक्का डाव हातात धरून उभ्या राहिल्या. पातेलं दोन पावलांवर होतं, वाफाळतं. हात पुढे केला असता तर झालं असतं. त्याऐवजी त्या दारापाशी गेल्या आणि रस्त्यापलीकडे मारली ती हाक आजूबाजूच्या सगळ्या दुकानांनी ऐकली.

"ए! इकडे ये! आणि हात धुऊन ये!"

मुलगा धावत आला, ओले हात शर्टाला पुसत. आक्कांनी त्याच्या भाजलेल्या बोटाच्या हातात डाव दिला.

"काढ."

"आई, मी नाही..."

"कंठ नंतर दाटून घे. आधी काढ. तळापासून, अलगद, वरचं तेल न घेता."

डाव पातेल्यात गेला. रस्सा सांडला नाही. बरणी भरत आली तशी समोरच्याने झाकण पुसून पुढे ठेवलं. कोणी आभार मानले नाहीत. बरणी पोटाशी धरून मुलगा रस्ता ओलांडू लागला आणि पलीकडे आचाऱ्याने त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

"तुझ्या नातीला मोती आवडतात म्हणे," आक्का म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?"

"रोज संध्याकाळी काचेला नाक लावून आमच्या चहाच्या ओट्याकडे बघत उभी असते. माझी दृष्टी चांगली आहे. घेऊन ये तिला. तूही ये." मग त्या पुन्हा बाकावर बसल्या आणि वाटी पुढे ओढली. "ताजे देईन. शिळे माझ्यासाठी असतात."

रस्सा गार होत आला होता. आक्कांनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला. टाकलेलं त्यांना चालत नसे.